घरपट्टीच्या सभेला गावकीची हाक

वेळूखोर, ता. शहापूर
२७ जानेवारी २०२५

ताई,

हे पत्र मागच्या अंगणात नेऊन वाच. भावोजी जवळ असतील तर लाकडाच्या मोळीत खुपसून ठेव आन् ते गेल्यावर वाच.

मी एक काम केलंय ते करायला नको होतं. शनिवारी दिवे लागायच्या टायमाला मी वरच्या कातळावर गेलो आन् कोंडूआजा देतो तशीच, त्याच्याच आवाजात, गावकीची हाक दिली. "गावकी हाय रेऽऽ, उद्या दहाला देवीच्या मांडवात, घरटी एक माणूस होऽऽ." अशी दिली का झाडावरची पाखरं उडाली. खाली एकेक दार उघडताना दिसलं. जाम मजा आली. आता तीच मजा गळ्याशी आलीय.

फोन का नाय केला विचारशील. माझा फोन बाबांनी भाताच्या कणगीत पुरलाय. सरपंचाच्या संडासात बिबट्या शिरला असा मेसेज मी गावच्या ग्रुपवर टाकला होता, त्याची शिक्षा. आन् दुसऱ्याच्या फोनवरून करावा तर तुझा फोन भावोजी स्पीकरवर लावतात. म्हणून मनोजच्या जीपमधून पत्र. पिना मोज, चार मारल्यात. कमी असल्या तर मनोजनं वाचलंय.

आता का केलं ते ऐक. माळावर शेठची बंगल्यांची स्कीम झाल्यापासून त्यांच्या बोअरनी आपली विहीर जानेवारीतच तळाला गेली. आई दोन हंड्यांसाठी पार ओहळावर जाते. डंपरांनी रस्त्याची चाळण केली. आता पंचायतीला पाइपलाइन पण करायचीय आन् रस्ता पण. पैसा कुणी द्यायचा यावरून गावात चुलीचुलीला भांडण हाय. रविंद्रभाऊ सरपंच बोलतो, सगळ्यांची घरपट्टी वाढवू. दुसरी लोकं बोलतात, खर्च ज्याच्यापायी आला त्यानं द्यावा. शेठचे अजून बंगले व्हायचेत, पंचायतीचा ना हरकत दाखला मागायला तो येणारच हाय, तवा त्याच्याकडून विकास शुल्क घ्या.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत घरपट्टीचा ठराव होता. टपरीवर मी भजी खात होतो, तर रविंद्रभाऊ ग्रामसेवकाला सांगत होता का काय टेन्शन घेऊ नका. सभेला माणसं भरणार नायत, सभा तहकूब होईल, आन् तहकूब सभेला माणसं मोजत नायत. तेव्हा आपण पाच डोकी बसून ठराव पास करू.

माझं डोकं फिरलं. ग्रामसभेला आपल्याकडं कुत्रं येत नाय. पण गावकीची हाक आली का घरटी एक माणूस आलाच पायजे, नायतर दंडाचा नारळ आन् दिसभर विहिरीचा गाळ काढायचा. मी बोललो, मग गावकीलाच बोलवतो, त्याच जागी, त्याच टायमाला.

आन् ताई, मांडव भरला! झेंडा झाल्यावर ग्रामसेवक बाड उघडून बसला तर समोर अख्खं गाव. त्याच्या हातातला चहा थंड झाला. रविंद्रभाऊला सभा घ्यावीच लागली. तासभर अशी जुंपली का काय सांगू. भिमादादा सेंट्रिंगवाला बोलला, शेठला त्रास दिला तर तो दुसऱ्या गावात जाईल आन् आमी काय खाऊ. आपले बाबा तर उलटेच निघाले. बोलले, आपल्या घराची पट्टी आपण भरावी, पट्टी भरणारा ताठ उभा राहून पाणी मागतो, शेठचा पैसा घेतला तर उद्या त्याच्या दारात हात जोडावे लागतील. आपला पंकजदादा शेठकडं सुपरवायझर, तो तर बोलूनच देईना कुणाला.

मग कुणीतरी विचारलं, हे सगळं ठीक हाय, पण गावकी कशापायी बोलावली? सगळे बाबांकडं बघायला लागले. गावकीचे कारभारी ते, त्यांच्या शब्दाबिगर हाक जात नाय. बाबा बोलले, मी सांगितलंच नव्हतं.

झालं. अर्धं गाव उठून गेलं. ग्रामसेवकानं डोकी मोजली, कमी भरली, सभा तहकूब. म्हणजे रविंद्रभाऊला पायजे होतं तेच मी करून दिलं.

पण खरा घोळ पुढं हाय. आजा मांडवात नव्हता, त्याला कुणी विचारलं पण नाय. सगळे बोलतात कोंडूआजाला म्हातारचळ लागला, कारभाऱ्याला न विचारता हाक देतो, त्याच्याकडून हाक काढून घ्या. त्याच्या पोराला, नामाला, भोंगा घेऊन द्या. आजा एवढी वर्षं हाक देतोय, त्याच्याकडं दुसरं काय हाय? मी बोललो नाय तर त्याची हाक जाते. बोललो तर बाबांचं कारभारीपण जातं, कारण कारभाऱ्याच्याच पोरानं गावकी फसवली. काय करू सांग. लवकर सांग.

तुझा भाविक


मुरबाड
२९ जानेवारी

भाव्या,

पिना तीनच होत्या. मनोजला मी बघते.

तुला काय बोलू तेच समजत नाय. गावकी काय तुझा बिबट्या हाय का? कोंडूआजानं हाक दिली म्हणून आपल्या गावात लागलेला वणवा माणसांनी विझवलाय. त्या हाकेवर लोकं विश्वास ठेवतात. तू तिचा भोंगा केलास.

बाबांना आत्ता काय सांगू नको. त्यांचा राग मला माहीत हाय, ते स्वतः देवीसमोर उभे राहून कारभारीपण सोडतील आन् आयुष्यभर घराबाहेर पडणार नायत. पण आजाची हाक जाता कामा नये. ती गेली तर मी स्वतः येऊन सगळं सांगेन, मग तुझं काय व्हायचं ते होऊ दे.

आता दुसरं. तू स्वतःला हुशार समजतोस ना? मांडव भरलास, पण कुणाला घेऊन? गावकीला पुरुष येतात. त्यातले निम्मे शेठच्या कामावर. ते शेठच्या विरुद्ध हात वर करतील? विहिरीवर कोण जातं? ओहळावर हंडा कोण नेतं? त्यातली एक तरी मांडवात होती का?

आमच्याकडची गोष्ट ऐक, मग बाबांचं पण समजेल. इथं पण बंगले आले. पंचायतीनं शेठला सांगितलं, शुल्क नको, तूच रस्ता करून दे. त्यानं केला, गुळगुळीत केला, आन् वर फाटक लावून वॉचमन बसवला. आता माझी सासू गवताचा भारा घेऊन लांबून वळसा घालते. आन् घरपट्टी पण वाढलीच, गोठ्याची सुद्धा लावली. बाबा बोलतात ते खोटं नाय. दुसऱ्याच्या हातून रस्ता घेतला का तो रस्ता दुसऱ्याचाच राहतो. पण त्यावर उपाय घरपट्टी नाय. शेठनं पैसा पंचायतीत भरायचा, रस्ता पंचायतीनं करायचा. हे आईला सांग. ती ऐकेल.

आन् एक आठवतं का बघ. घरातला पुरुष कामावर असला तर गावकीत त्याच्या जागेवर बाई बसते. बोलत नाय, नुसती बसते, पण नारळ वाचतो. आजीपासून चालत आलंय. ग्रामसभेत मात्र बाईला बोलता पण येतं आन् हात पण वर करता येतो.

मी तुला काहीच सांगितलेलं नाय.

सारिका

ता. क. आईनं वाल पाठवले ते मिळाले. खोकला गेला का तिचा?


वेळूखोर
१ फेब्रुवारी

ताई,

तू आपल्या घराण्यातली सगळ्यात डेंजर बाई हायस. बाबांनी तुला उगाच मुरबाडला दिली, इथंच सरपंच करायला पायजे होती.

ऐक. तहकूब सभा मंगळवारी ठेवलीय, चार तारखेला, दहा वाजता. मंगळवारीच का, तर त्या दिवशी शेठच्या मोठ्या बंगल्याचा स्लॅब हाय. स्लॅब एकदा चालू झाला का मधी थांबत नाय, सगळे पुरुष सकाळपासून माळावर. रविंद्रभाऊनं बरोबर बघून दिवस काढलाय. पण त्याला काय माहीत का तो आपल्याच फायद्याचा हाय? मंगळवारी दहालाच गावकी लागली तर प्रत्येक घरातून बाईच येणार!

आईला मी फाटकाचं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली, माझ्याकडं बघितलं, परत थापायला लागली. खोकला हाय थोडा.

आता वाईट बातमी. माझा घसा बसला. त्या शनिवारी हाक दिली तेव्हाच सोलला होता, वर परवा खर्डीला जाऊन दोन बर्फाचे गोळे खाल्ले. आता बोलतो तर दार करकरल्यासारखं वाटतं. आई बोलते बरं झालं, घरात शांतता हाय.

आन् समज घसा असता तरी परत खोटी हाक द्यायची हिंमत होत नाय. तुझं ते वणव्याचं मी चारदा वाचलं. कोंडूआजाच्या घरावरून गेलो. ओटीवर एकटाच बसला होता. कुणी बोलत नाय त्याच्याशी. नामा भोंग्याची किंमत विचारून आलाय शहापूरवरून.

माझ्या डोक्यात काहीतरी शिजतंय. विचारू नको, अजून कच्चं हाय.

भाविक


मुरबाड
५ फेब्रुवारी, सकाळ

भाव्या,

तुझ्या डोक्यात शिजलेलं आख्ख्या तालुक्याला समजलं, मलाच नाय. मनोज सांगत होता, सोमवारी सांजच्याला परत हाक आली आन् काल मांडव बायकांनी भरला. पंकजदादाचा फोन आला, स्पीकरवर, तुझ्या भावोजींच्या समोर. आईनं भर सभेत तोंड उघडलं म्हणून एवढा तापला होता का पुढचं काय समजलंच नाय.

घसा बसला होता ना? मग हाक कुणी दिली? परत खोटं बोललास माझ्याशी? आन् आजाचं काय झालं? त्याच्या नावावर दोन खोट्या हाका टाकल्यास तू. मला रात्री जेवण गेलं नाय.

संध्याकाळच्या जीपनं उत्तर आलं नाय तर उद्या सकाळी मी येते आन् बाबांना सगळं सांगते. देवीशपथ.

सारिका


वेळूखोर
५ फेब्रुवारी, दुपार

ताई ताई ताई,

येऊ नको. पयलं सगळं वाच. मनोज गाडीत बसून हॉर्न वाजवतोय, मी त्याला वडापाव देऊन थांबवलंय.

सोमवारची हाक मी दिली नाय. कोंडूआजानं दिली. खरी.

झालं असं. सोमवारी मी त्याच्या ओटीवर गेलो. तो वाल निवडत होता. मी त्या करकरीत आवाजात बोललो, आजा, वाईट वाटून घेऊ नका, पण गावात लोकं बोलतात का तुमच्यात आता हाक द्यायचा दमच राह्यला नाय. आजानं सूप खाली ठेवलं. "कोन बोलतो?" मी बोललो, सगळेच. शनिवारची हाक तुमची नव्हतीच असं पण बोलतात, म्हाताऱ्याच्या छातीतून एवढी मोठी हाक निघेल का? गावकी तुमचा निकाल तुमच्या पाठीमागं लावणार, नामाच्या हातात भोंगा देणार.

तुला माहीत हाय ना, ज्याच्यावर बालंट आलं तो स्वतःसाठी गावकी मागू शकतो. कारभाऱ्याला पण विचारायला लागत नाय. मी फक्त एवढंच बोललो का मागायची तर मंगळवारी दहाला मागा, मंगळवार देवीचा वार. म्हातारा काठी घेऊन उठला तो थेट कातळावर. मी खाली उभा. खरं सांगू? हाक बारीक निघाली. मधी खोकला आला. थांबला, परत पयल्यापासून दिली. पण दारं उघडली. एकेक करून सगळी.

आन् काल! माळावर मिक्सर धडधडतोय, पुरुष सगळे वर, आन् मांडवात लुगड्यांना जागा पुरेना. बाबा कारभारी म्हणून देवीपाशी बसले. रविंद्रभाऊ आन् त्याचे मेंबर दहाला आले, बघतात तर पाय ठेवायला वाट नाय. बाबा बोलले, आधी गावकीचं होऊ दे, मग तुमची सभा. आता पुरुष नायत म्हटल्यावर बोलायचं कुणी? नुसतं बसायचा रिवाज गेला उडत. नामाची बायको ठकी, आजाची सून, तीच पयली बोलली का शनिवारी मी ओहळावर होते, तिथवर ऐकू आली हाक, अशी हाक लग्न होऊन आल्यापासून ऐकली नव्हती. मग सगळ्याच चालू झाल्या. कुणी बोलतंय अंगावर काटा आला, कुणी बोलतंय पितळी घंटा, कुणी बोलतंय सोमवारची काय नाय तिच्यापुढं. ताई, मी खांबामागं उभा राहून कौतुक ऐकत होतो आन् घाम पुसत होतो.

बाबांनी हात वर केला. बोलले, "कोंडूमामा, देवीसमोर सांगा. शनिवारची हाक तुमची का?"

आजानं सगळ्यांवरून नजर फिरवली. मला वाटलं संपलं. मग बोलला, "माझी नाय तर काय तुझ्या पोराची?"

मांडव एवढा हसला का माळावर ऐकू गेलं असेल. मी पण हसलो, खांब धरून. बाबांनी विचारलं, मग मला न विचारता का दिलीत? आजा बोलला, घरावर पट्टी वाढवायला निघालेत आन् कारभारी घरात झोपलाय, म्हणून दिली. बाबांनी मान खाली घातली. बोलले, चूक माझी, हाक कोंडूमामांकडंच राहील. झालं. नामाचा भोंगा शहापूरलाच.

देवीसमोर तो खोटं बोलला, का सगळ्यांनी एवढं वाखाणल्यावर त्याला खरंच वाटायला लागलं, मला माहीत नाय. विचारणार कोण?

मग ग्रामसभा. ग्रामसेवक ठराव वाचायला लागला तोवर आई उठली. आपली आई, ताई. पदर खोचून. मधी खोकली, पण थांबली नाय. "रविंद्रा, बंगल्याच्या टाकीत पोरं पोहतात आन् मी ओहळावरून हंडा आणते. तो हंडा तू कुठल्या पट्टीत धरलास?"

रविंद्रभाऊ वाईट नाय ग. तो पण घामाघूम. बोलला, काकी, मला पण पाणी आणायचंय, पण शेठ रागावून गेला तर तुमच्याच नवऱ्यांचं काम जाईल. तर ठकी खालूनच बोलली, "जाऊन जाऊन जाईल कुठं? माळ काय डोक्यावर घेऊन जाणार?"

मग आईनं तुझं फाटकाचं सांगितलं, जणू तिनंच डोळ्यांनी बघितलंय असं. ठरलं असं का या साली कुणाच्या जुन्या घराची पट्टी वाढवायची नाय. बांधून झालेल्या बंगल्यांची नोंद पुरी करून त्यांची पट्टी घ्यायची. नवीन बंगल्यांना ना हरकत देण्याआधी शेठनं पाण्याचं आन् रस्त्याचं विकास शुल्क पंचायतीत भरायचं, काम पंचायत करील, फाटक लागणार नाय. हात वर करा बोलल्यावर बांगड्यांचा असा आवाज झाला! बाबांनी हात नाय वर केला. सगळ्यांचे मोजून होत आले तवा केला, आईकडं न बघता.

ग्रामसेवक बोलला, हे नियमात बसतं का ते वर विचारावं लागेल, कागद पंचायत समितीत पाठवतो. पाठवू दे. शेठचा माणूस रात्री रविंद्रभाऊच्या घरी बसला होता. पंकजदादा अंगभर सिमेंट घेऊन आला, आईनं वाढलेलं गपचूप जेवला, बोलला स्लॅब तर झाला, पुढचं काम राहील का नाय माहीत नाय. मला त्याचं वाईट वाटलं. आई बोलली, राहील. पण हळू बोलली.

आता मेन गोष्ट. आज सकाळी आजानं मला बोलावून घेतलं. बोलला, माझ्यानंतर हाक कुणाला तरी द्यायला पायजे, नामाचा गळा फाटका हाय, लोकं काय बोलतात ते तूच मला येऊन सांगितलंस म्हणून तुला शिकवतो, तुझ्या बापाला विचारलंय. मला घेऊन कातळावर गेला. बोलला, दे हाक.

माझा घसा आता सुटलाय. तोंड उघडलं, छाती भरली, आन् तेवढ्यात डोक्यात आलं का चांगली दिली तर मेलो. खाली सगळ्यांना समजेल. म्हणून मुद्दाम रेड्यासारखा ओरडलो. इतका घाण ओरडलो का खालून नामाच्या घरातून कुणीतरी शिवी घातली.

आजा एवढा खूष झाला, ताई. कमरेवर हात ठेवून हसला. बोलला, "राहू दे, राहू दे. माझ्या शनिवारच्या हाकेसारखी यायला तुला दहा वर्षं लागतील."

आन् आता रोज सांजच्याला मला तिथं जाऊन तसंच रेकायचंय. वर्षभर तरी. रोज थोडं थोडं बरं करायचं, पण जास्त नाय. ही शिक्षा बाबांनी दिली असती त्याच्यापेक्षा मोठी हाय का नाय, हे तूच सांग. म्हातारा गावातून काठी न टेकता चालतोय. लोकं वाटेत थांबून त्याला शनिवारच्या हाकेचं विचारतात आन् तो कुठं श्वास घेतला ते सांगतो.

म्हणून उद्या येऊ नको. आन् आलीसच तर आईचा खोकला बघ, वालाचं बिरडं खा आन् गप परत जा. तुझ्या पाया पडतो ताई, बाबांना सांगू नको, आईला नको, भावोजींना झोपेत पण नको, देवळात देवीला सुद्धा नको, तिथं लोकं बसलेली असतात. हे पत्र चुलीत घाल, पुरतं जळेपर्यंत बघत उभी राहा, आन् कुणाला, कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नको.

तुझा
भाव्या